घरी यायचा चौथा भाग

जुन्नरच्या पेठेत पीरमहंमद मास्तरांना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. ओतूरपासून पार अवसरीपर्यंत कुणाचंही लग्न निघो, वरातीपुढं मास्तरांचा बँड नसला तर चार पाहुणे हमखास नाक मुरडत. बारा वाजंत्री, लाल कोट, पितळी बटणं, आणि सगळ्यांच्या पुढं हातात छडी घेऊन उलट्या पावलांनी चालणारे मास्तर. वय सत्तरीला टेकलेलं, पण पाठ अशी ताठ की नवरदेवानं लाजावं.

हाच माणूस रोज सकाळची नमाज उरकली की एकटाच कुकडी नदीपर्यंत चालत जाई आणि चालता चालता तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत असे. ते वरातीतलं गाणं नव्हतं, सिनेमातलं नव्हतं, कव्वाली तर नव्हतीच. म्हातारा इंग्रजीत दुवा मागतो, असं पेठेनं फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं आणि त्यावर पुन्हा डोकं चालवायचे कष्ट कुणी घेतले नव्हते.

ती सिंफनी आहे हे फक्त अजीजला ठाऊक होतं.

अजीज हा बँडमधला पहिला क्लॅरिओनेटवाला. लग्नसराई संपली की पेठेतल्या आपल्या टपरीवजा दुकानात स्टोव्ह, गॅसबत्त्या आणि ग्रामोफोन दुरुस्त करणारा. चौदाव्या वर्षी तो मास्तरांच्या हाताखाली आला आणि आता चौतीस वर्षांचा झाला होता. वीस वर्षं एका माणसाच्या पाठोपाठ चाललं की त्याच्या गुणगुणण्याचंही कोडं पडतंच. एकदा त्यानं धीर करून विचारलं आणि मास्तरांनी त्याला खाली बसवून सगळं सांगितलं.

तरुणपणी मास्तर खडकीच्या पलटणीच्या बँडमध्ये होते. तिथला बँडमास्तर गोव्याचा, शिस्तीच्या बाबतीत कर्दनकाळ. पीरमहंमदचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून त्यानं त्याला स्वरलिपीच्या नकला करायच्या कामाला जुंपलं. एका हिवाळ्यात पुण्याच्या कॅम्पात मोठा जलसा ठरला, पलटणीचे वाजवणारे आणि बाहेरचे व्हायोलिनवाले मिळून चाळीसेक माणसं. वाजवायची होती एका जर्मन माणसानं रचलेली सिंफनी. मोठ्या पुस्तकात सगळ्यांचं सगळं एकाखाली एक लिहिलेलं, त्यातून प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा उतरवायचा. पीरमहंमद दोन महिने तेवढंच करत बसला. उतरवता उतरवता चाळीस जणांचं वाजवणं या एकट्याच्या डोक्यात जाऊन बसलं.

आपल्याकडं गवई एक राग घेतो आणि त्या घटकेला सुचेल तसा फुलवतो, मास्तर सांगत. तिकडं रचणाऱ्यानं सगळं आधीच लिहून ठेवलेलं असतं, कुणी कधी हळू व्हायचं तेसुद्धा. सिंफनीचे भाग चार. पहिला जोरकस, त्यात दोन धुना येतात, एकमेकींशी वाद घालतात, परक्या मुलखात भटकतात आणि मूळच्या जागी परत येतात. दुसरा संथ. तिसरा तीन मात्रांत डुलणारा, नाचाचा. चौथा धावत घरी येणारा. दोन भागांच्या मध्ये वाजवणारे थांबतात, पण ऐकणाऱ्यानं टाळी द्यायची नाही, कारण गोष्ट अजून पुरी झालेली नसते. चार गाणी एकापुढं एक लावली म्हणजे सिंफनी होत नाही. चारही मिळून एकच वस्तू असते, आणि गंमत अशी की वाजवणाऱ्यांपैकी कुणाच्याच कागदावर ती पुरी नसते. ढोलवाल्याच्या कागदावर तर बहुतेक ठिकाणी किती वेळ गप्प बसायचं त्याचे आकडेच. बँडमधला ढोलवाला गेणू हे ऐकून म्हणाला होता की अशी नोकरी कुठं असली तर त्याला लगेच कळवावं.

मास्तरांनी ती सिंफनी आपल्या वाटेवर मांडून ठेवली होती. पहिला भाग घरापासून वेशीपर्यंत. दुसरा कबरस्तानाच्या कडेनं नदीपर्यंत, हळूहळू. तिसरा नदीच्या काठाकाठानं. चौथा सुरू झाला की पाय उचलून घराकडं, आणि शेवटच्या सुरावर उंबऱ्याला हात. रोज, न चुकता.

हा छंद नव्हता, आणि अजीजला हेही ठाऊक होतं. मास्तरांचे वडील शेवटची पाच वर्षं स्वतःच्या बायकोला ओळखत नव्हते, भाकरी वाढली की ही बाई कोण म्हणून विचारत. आपलंही तसंच होणार ही भीती मास्तरांच्या पोटात पन्नाशीपासून बसलेली. अलीकडं ती बळावली होती. ते अजीजला आपल्या मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारत. ओतूरच्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाच त्यांनी छडी वर केली आणि बँड दणाणला. भटजी तोंड उघडं ठेवून बघत राहिले. त्या दिवशी परतताना एसटीत मास्तर अजीजच्या कानाशी वाकून बोलले होते.

“जवर हे चार भाग वळीनं येत्यात, तवर माजं डोकं जाग्यावर हाय. ज्या दिवशी चुकंल, त्या दिवशी छडी तुजी.”

अजीज म्हणाला, असं बोलू नका उस्ताद. मनापासून म्हणाला. पण त्याच मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात त्यानं छडी हातात धरून बघितली होती, आणि ती काही पहिली वेळ नव्हती. माणूस वीस वर्षं दुसऱ्याच्या मागं चालला तर एखादे दिवशी पुढं चालावंसं वाटणारच, त्यात पाप नाही. पाप पुढं झालं.

पंचावन्न साल संपून छप्पन लागलं, त्या पौषातली गोष्ट. पौषात लग्नं नाहीत, बँड खुंटीला. घोडेगावला एक म्हातारे पारशी इंजिनिअर राहत, ते वारले आणि मुंबईहून पुतणे सामान आवरायला आले. अजीजनं त्या बंगल्यातल्या बत्त्या कैकदा दुरुस्त केल्या होत्या, म्हणून त्यांनी त्यालाच खोकी बांधायला बोलावलं. रद्दीच्या ढिगात जाड पुठ्ठ्याचा एक अल्बम होता, आत चार मोठ्या रेकॉर्डी. पुतण्यानं सहज वरचं नाव वाचलं आणि अजीजच्या हातातली सुतळी खाली पडली. तोच जर्मन माणूस, सिंफनीचा तोच नंबर. मास्तरांच्या तोंडून कैकदा ऐकलेलं नाव त्याला झोपेतही ओळखू आलं असतं. त्यानं मागितला आणि पुतण्यानं देऊन टाकला.

घोडेगावहून जुन्नरला येईपर्यंत अजीजनं तो अल्बम मांडीवरून हलू दिला नाही. खडकी सोडल्यापासून मास्तरांनी ती सिंफनी एकदाही बाहेरून ऐकली नव्हती, फक्त स्वतःच्या डोक्यातून. आता त्यांना कळेल की आपलं सगळं जागच्या जागी आहे, आणि ती भीती एकदाची जाईल. अजीजचा हेतू एवढाच होता, हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दुकानातला सगळ्यात चांगला ग्रामोफोन डोक्यावर घेऊन मास्तरांचं घर गाठलं. मास्तरांच्या बायकोनं, रहिमाबीनं, सतरंजी घातली. मास्तरांनी लाल कोट चढवून बटणं लावली आणि भिंतीला न टेकता बसले. अजीजनं चावी भरली, नवी सुई लावली, अल्बमातली पहिली रेकॉर्ड ठेवली.

पहिल्या सुरालाच म्हाताऱ्याचे डोळे भरले. हात आपोआप वर गेला आणि खोलीत नसलेल्या चाळीस माणसांना इशारे देऊ लागला. व्हायोलिनं यायच्या आधी बोट त्यांच्याकडं, बासऱ्या यायच्या आधी त्यांच्याकडं. रहिमाबी तोंडाला पदर लावून हसत होती. एक बाजू संपली. अजीजनं रेकॉर्ड उलटवली, सुई बदलली. उलटवताना तिच्या मधल्या गोल कागदावर इंग्रजी आठचा आकडा त्याच्या नजरेस पडला. रेकॉर्डीवर कंपनीचे नाना आकडे असतात, सगळ्यांचा हिशेब ठेवत बसलं तर गाणं कधी वाजवायचं? जन्मात त्यानं शेकडो रेकॉर्डी वाजवल्या होत्या: आधी ही बाजू, मग ती बाजू, मग पुढची रेकॉर्ड.

दुसरी बाजू सुरू झाली आणि मास्तरांचा वर गेलेला हात तसाच राहिला.

मग तो खाली आला. पुढच्या रेकॉर्डला पुन्हा थोडा उठला, पुन्हा थांबला. तिसऱ्या रेकॉर्डपर्यंत दोन्ही हात मांडीवर होते आणि मास्तर समोरच्या भिंतीकडं बघत होते. अजीजला वाटलं, गहिवरलेत. शेवटच्या रेकॉर्डची शेवटची बाजू झाली, सुई आतल्या कडेला खरखरू लागली, तरी ते बसूनच.

“संपलं?” त्यांनी विचारलं.

आठही बाजू झाल्या, अजीज म्हणाला. मास्तरांनी रेकॉर्ड हातात मागून घेतली, कागदावरून बोट फिरवलं. कंपनीनंच छापलंय ना, एवढंच विचारलं. कंपनीनंच, अजीज म्हणाला. मास्तरांनी मान हलवली. खडकीच्या त्या गोवेकराचा एक नियम होता, आणि मास्तरांनी तो साऱ्या बँडच्या डोक्यात ठोकून बसवला होता: कागद आणि कान यांच्यात भांडण लागलं तर कागद खरा. नकला करणाऱ्यानं कागदावर शंका घ्यायची नसते, आपल्या चुकीवर रेघ मारायची असते.

आठ दिवसांनी त्यांनी सगळ्या बँडला घरी बोलावलं आणि छडी अजीजच्या हातात दिली. कारण सांगितलं नाही. अजीज रीतीप्रमाणं तीनदा नको म्हणाला. चौथ्यांदा म्हणायला तो विसरला.

ग्रामोफोन आणि रेकॉर्डी त्यानं मास्तरांकडंच ठेवल्या होत्या. त्यांना आनंद व्हावा म्हणून.

फाल्गुनात तो सुया आणि स्प्रिंगा आणायला पुण्याला गेला. कॅम्पातल्या एका दुकानात विजेवर चालणारं एक नवलाचं यंत्र मांडलेलं. दांड्यावर रेकॉर्डींची थप्पी लावायची, एक वाजून झाली की दुसरी आपोआप वर पडते. अजीज कारागीर माणूस, त्यानं खाली वाकून सगळं बघून घेतलं आणि विचारलं, पण मागच्या बाजू कशा वाजायच्या? दुकानदार म्हणाला, लांबलचक वाजवणं असलं की या यंत्रासाठी संच वेगळे निघतात. आधी सगळ्यांच्या वरच्या बाजू वाजतात, मग थप्पी अख्खी उलटी करायची आणि सगळ्यांच्या खालच्या. म्हणून पहिल्या रेकॉर्डच्या पाठीवर दुसरी बाजू नसते, शेवटची असते.

आठचा आकडा अजीजच्या डोळ्यांपुढं आला. तो दुकानातल्या स्टुलावर बसला आणि त्यानं पाणी मागितलं.

खेड गेलं, मंचर गेलं, नारायणगाव गेलं, आणि एसटीत बसल्या बसल्या त्यानं शंभरदा ठरवलं की उतरायचं ते थेट मास्तरांच्या दारात. मास्तर चुकलेच नव्हते. चुकला होता तो. उतरल्यावर मात्र तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी अवसरीची वरात होती. एवढी वाजवून मग सांगू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. अवसरीत कुंडलिक नावाच्या तालेवार शेतकऱ्यानं, नवरीच्या बापानं, चारचौघांत त्याला ‘अजीज मास्तर’ म्हटलं. तो शब्द कानातून पोटात उतरला आणि तिथंच राहिला. नंतर चैत्र आला, वैशाख आला. रोज कुठली ना कुठली वरात होतीच, आणि सांगणं रोज एका वरातीनं पुढं ढकललं जात होतं.

ईदला शिरखुर्मा घ्यायला तो मास्तरांकडं गेला, तेव्हा रहिमाबी खुशीत होती. सुरुवातीला महिनाभर अंथरुणातून उठत नव्हते, ती म्हणाली, पण आता रोज दुपारी तुझा बाजा लावून बसतात. वही घेतात, काय काय लिहितात, गुणगुणतात. जीव रमलाय. मास्तर काय लिहीत होते ते अजीजला न बघताच कळलं: जुनं सगळं रेघ मारून खोडायचं आणि नवं उतरवायचं काम चाललं होतं. बोलायला ती वेळ होती. पण रमलाय तर रमू दे, असं मनाशी म्हणत त्यानं वाटी रिकामी केली.

ज्येष्ठात लग्नं थांबली आणि रहिमाबी स्वतःच दुकानात आली. बाई कधी पेठेत यायची नाही. तिला बसायला दिलं तरी ती उभीच राहिली.

“अजीज, तुजे उस्ताद नीट चालत न्हाईत रे,” ती म्हणाली. “निम्म्या वाटंवरनं माघारी येत्यात, उंबऱ्याला हात लावत्यात, पुन्हा निघत्यात. लोक बगत्यात. आन नदीवर गेले की तिथंच उभे ऱ्हात्यात. काल जानकू गुराखी हाताला धरून घिऊन आला.”

अजीजनं दुकानाची फळीही लावली नाही. तो तसाच तिच्या मागोमाग गेला, मास्तरांच्या पायाशी बसला आणि सगळं ओकला: आठचा आकडा, पुण्यातलं यंत्र, आणि फाल्गुनापासून गप्प राहिलो तेही. छडी लई आवडली उस्ताद, म्हणून, असंही म्हणाला. मास्तर त्याच्याकडं मायेनं बघत होते. त्यांना त्यातलं किती कळलं हे सांगणं कठीण होतं.

मग त्यानं रेकॉर्डी लावल्या. आधी चारही वरच्या बाजू, मग थप्पी उलटी करून चारही खालच्या. पहिल्यांदाच त्या घरात सिंफनी तिच्या ओळीनं वाजली. पहिला भाग भटकून आपल्या जागी परतला, दुसरा हळूहळू नदीकडं गेला, तिसरा डुलला, चौथा धावत निघाला. अजीजचं सगळं लक्ष म्हाताऱ्याच्या हाताकडं होतं. हात एकदाही उठला नाही. उलट कपाळाला आठ्या पडत गेल्या, आणि चौथा भाग घरी पोचायच्या आत मास्तरांनी आपल्या हातानं सुई उचलली.

“चुकलास, अजीज,” ते म्हणाले. “वळ चुकलास.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. नव्या पोराला शिकवताना असे तसाच तो आवाज होता. त्यांनी वही उघडून पुढं केली. मोत्यासारखं अक्षर, कुठं खाडाखोड नाही. पहिल्याचा अर्धा, मग शेवटाचा अर्धा, मग पुन्हा पहिला. बोट ठेवून त्यांनी त्याला सगळी ओळ समजावली, आणि कागद खरा असतो हे पुन्हा एकदा सांगितलं. अजीज म्हणाला, हां उस्ताद.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो त्यांच्या दारात उभा होता. मास्तर नमाज पढून बाहेर आले, निघाले, हा बरोबर निघाला. अर्ध्या वाटेवर गुणगुणणं बदललं, आणि दोघे माघारी वळले. उंबऱ्याला हात लावला, पुन्हा निघाले. वेशीपाशी पोचून पुन्हा चार पावलं मागं. पाणी भरणाऱ्या बाया थबकून बघत होत्या. दोन तालुके गाजवणारा नवा बँडमास्तर एका म्हाताऱ्याच्या मागं पेठेत येरझाऱ्या घालतोय, हे त्यांना कुठं पटत होतं? अजीजनं मान खाली घातली नाही. ही वाट त्यानंच आखली होती, तेव्हा तिच्यावरून त्यानंच चालायला हवं होतं.

कबरस्तानाच्या कडेनं ते कधी हळू, कधी डुलत नदीवर पोचले. काठावर थोडं चालल्यावर मास्तरांचा सूर मध्येच थांबला आणि पायही थांबले. तिसऱ्या भागाच्या निम्म्यावर. त्यांच्या वहीत याच्यापुढं काही नव्हतं. घरी येणारा भाग तर त्यांनी केव्हाच वापरून टाकला होता, अर्ध्या वाटेवर आणि वेशीपाशी.

“संपलं,” ते म्हणाले, आणि पाण्याकडं बघत उभे राहिले.

अजीजनं त्यांचा हात धरला. वीस वर्षं मागं चालून कानावर पडलेलं आठवत आठवत त्यानं चौथा भाग गुणगुणायला सुरुवात केली. सगळा येत नव्हता. जिथं अडला तिथं पहिलंच पुन्हा घेतलं. पण पावलं उचलली गेली आणि म्हातारा त्याच्याबरोबर चालू लागला, आधी ओढल्यासारखा, मग जरा भरभर. वेस गेली, पेठ आली. घर दिसायला लागल्यावर मास्तरांनी त्याच्याकडं वळून बघितलं.

“चांगली हाय धून,” ते म्हणाले. “कुनी शिकवली?”

“तुमीच, उस्ताद.”

मास्तरांनी बराच वेळ विचार केला. उंबऱ्यापाशी येईपर्यंत केला. मग मान हलवली.

“न्हाई,” ते म्हणाले. “मी शिकवली असती तर मला आठवली असती.”

रहिमाबीनं दार उघडून धरलं होतं. अजीजनं त्यांचा हात उचलून उंबऱ्याला लावला आणि त्यांना आत सोडलं.